पाचारणाची पारख

धर्मगुरू किंवा व्रतस्थ बंधू व्हावे अशी ओढ एखाद्या कॅथॉलिक तरुणाला वाटू लागली, तर ती ओढ देवाकडून आलेली आहे की घरातून, गावातून किंवा स्वतःच्याच मनातल्या एखाद्या भीतीतून, हे तपासावे लागते. या तपासणीला पाचारणाची पारख म्हणतात. ती वर्षानुवर्षे चालते आणि एकट्याने करायची नसते. उमेदवार, त्याचा आध्यात्मिक मार्गदर्शक, सेमिनरीचे (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचे) शिक्षक, बिशप किंवा संघाचे वरिष्ठ आणि काही अंशी गावातले भाविकही तीत सहभागी असतात. आतून स्पष्ट हाक ऐकू आली की माणूस झगा चढवतो, अशी लोकांची समजूत असते. ख्रिस्तसभेचे नियम आणि परंपरा पाहिल्या तर त्या हाकेला महत्त्व आहे, पण निर्णय तिच्यावर सोपवलेला नाही.

पारख नेमकी कशाची, हे आधी पाहायला हवे, कारण धर्मगुरुपद आणि व्रतस्थ जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. धर्मगुरुपद हा संस्कार आहे. बिशप मस्तकावर हात ठेवून गुरुदीक्षा देतो आणि त्यानंतर त्या माणसाला मिस्सा अर्पण करण्याचा व पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार मिळतो. धर्मप्रांतीय धर्मगुरू ब्रह्मचर्य पाळण्याचे आणि बिशपच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. दारिद्र्याचे व्रत मात्र तो घेत नाही. त्याच्या नावावर जमीन असू शकते, बँकेत खाते असू शकते. जेझुइट, फ्रान्सिस्कन, सालेशियन अशा संघांत जाणारा माणूस दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतो, मग तो धर्मगुरू होवो वा न होवो. ब्रदर हा व्रते घेतलेला, पण गुरुदीक्षा न घेतलेला माणूस. म्हणून ‘मला चर्चची सेवा करायची आहे’ एवढ्याने काही ठरत नाही. कोणती सेवा, कोणाच्या आज्ञेत, कोणत्या जीवनपद्धतीत, हे प्रश्न उरतातच. स्वतंत्र, कुठेच न जोडलेला धर्मगुरू ही कल्पना ख्रिस्तसभेला मान्य नाही. प्रत्येकाचे नाव कुठल्या तरी धर्मप्रांताच्या किंवा संघाच्या दप्तरी असावेच लागते. स्त्रियांना गुरुदीक्षा दिली जात नाही. धर्मभगिनी होऊ पाहणाऱ्या मुलींची पारख मात्र व्रतस्थ बंधूंप्रमाणेच होते. पूर्वेकडील काही कॅथॉलिक परंपरांत विवाहित पुरुषही धर्मगुरू होतात. या लेखाचा विषय लॅटिन परंपरा, म्हणजे मुंबई, वसई, पुणे, नागपूर आणि गोव्यातल्या बहुसंख्य कॅथॉलिकांची परंपरा आहे.

बायबलमधल्या पाचारणाच्या कथांचा साचा एक नाही. बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, पण ती कोणाची हे त्याला कळत नाही. म्हातारा एली ते ओळखतो, तेही तिसऱ्या खेपेला. यिर्मया आपण लहान असल्याची सबब सांगतो. मासे धरणारे पेत्र आणि अंद्रिया जाळी टाकून लगेच निघतात, तर श्रीमंत तरुण खिन्न होऊन परत जातो. प्रवचनांत पेत्र-अंद्रियाची कथा जास्त सांगितली जाते. पारख शिकवणाऱ्यांना एलीची कथा जवळची वाटते, कारण तिच्यात हाक ऐकणारा एक आहे आणि ओळखणारा दुसरा.

पारखीची पद्धत म्हणून जे आज जगभर शिकवले जाते, त्याचा मोठा भाग इग्नेशियस लोयोला या बास्क सरदारपुत्राकडून आला आहे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून असताना त्याने शौर्यकथांची पुस्तके मागितली. ती घरात नव्हती, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली. दरबारातल्या पराक्रमांची आणि एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्ने पाहताना त्याला आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगावे असे विचार करतानाही आनंद होई, आणि तो नंतरही टिके. विचार येतो तेव्हा कसे वाटते यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते, हे त्याने टिपायला सुरुवात केली. त्या निरीक्षणांतून घडलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली.

निवड करण्याच्या तीन वेळा इग्नेशियस सांगतो. पहिलीत शंकेला जागाच नसते, पौलाला दमास्कसच्या वाटेवर नव्हती तशी. ती क्वचित कोणाच्या वाट्याला येते. दुसरीत मनात सांत्वन आणि उदासी आलटून-पालटून येतात आणि त्यांच्या ये-जा करण्यातून दिशा कळत जाते. तिसरीत मन शांत असते, कसलीही ओढ नसते, आणि माणूस दोन्ही बाजूंचे लाभ-तोटे मांडून विचार करतो. या तिसऱ्या वेळेसाठी तो काही युक्त्या देतो. कधी न पाहिलेला, पण ज्याचे भले व्हावे असे वाटते असा माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला दिला असता? मृत्यूच्या घटकेला आज कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल? हिशेबाच्या वहीसारखी ही पद्धत भाविकांना फार रुक्ष वाटते. पण ज्यांना कधीच कसली हाक ऐकू आली नाही, अशा असंख्य धर्मगुरूंचा निर्णय याच वाटेने झाला असणार.

त्याच पुस्तिकेतले दोन नियम आजच्या पाचारण शिबिरांच्या भिंतीवर लावावेत इतके मोलाचे आहेत. उदासीच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा एक. दुसरा साधना देणाऱ्यासाठी आहे: त्याने साधकाला व्रताकडे किंवा कोणत्याही एका जीवनाकडे ढकलू नये, तराजूचा काटा मध्ये ठेवावा. शिवाय, साधक भरात असताना घाईने व्रत घेऊ लागला तर त्याला आवरावे, असेही तिथे सांगितले आहे. सेमिनरीच्या जागा भरण्याची काळजी वाहणाऱ्या माणसाला हे पाळणे जड जाते.

आतली हाक आणि बाहेरची मान्यता यांत वजन कोणाचे जास्त, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मोठा वाद झाला. तिथल्या सेमिनऱ्यांत पवित्र आत्म्याने दिलेली आतली ओढ हाच पाचारणाचा गाभा, असे शिकवले जात होते. ज्याला ती जाणवत नाही तो घाबरून दूर होई, आणि ज्याला ती जोरात जाणवते तो बिशपवर हक्क सांगे. लाहितों या सेमिनरी-शिक्षकाने १९०९ च्या आपल्या पुस्तकात उलट मत मांडले: खरे पाचारण बिशपच्या मुखातून येते. १९१२ मध्ये पोप दहावे पायस यांनी नेमलेल्या कार्डिनलांच्या समितीने त्याच्या बाजूने निकाल दिला. बिशपने मुक्तपणे निवडण्याआधी दीक्षेवर कोणाचाही हक्क नसतो. आतली ओढ असलीच पाहिजे असे नाही. शुद्ध हेतू आणि योग्यता या दोन गोष्टी हव्यात, आणि त्या योग्यतेत स्वभावाचे व कृपेचे गुण, चारित्र्य आणि पुरेसे ज्ञान येते.

हा निकाल अनेकांना कोरडा वाटला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणि पुढे पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९९२ च्या ‘पास्तोरेस दाबो व्होबिस’ या पत्राने तराजू थोडा मागे आणला: देवाचे बोलावणे आणि माणसाचे मुक्त उत्तर यांचा संवाद म्हणजे पाचारण, आणि ख्रिस्तसभा त्याची साक्षीदार व परीक्षक. तरी १९१२ चा गाभा कायम आहे. गुरुदीक्षेच्या विधीत तो डोळ्यांना दिसतो. डिकन (धर्मगुरुपदाच्या आधीची दीक्षा घेतलेला सेवक) उमेदवाराचे नाव पुकारतो आणि उमेदवार उभा राहून आपण हजर असल्याचे सांगतो. मग त्याला सादर करणाऱ्या धर्मगुरूला बिशप विचारतो, हा लायक आहे याची तुम्हाला खात्री आहे का? लोकांकडे चौकशी केली आहे, असे उत्तर मिळाल्यावर बिशप ‘आम्ही याची निवड करतो’ अशा अर्थाचे वाक्य उच्चारतो. ‘मला हाक आली’ असे या विधीत कुठेही कोणी म्हणत नाही.

बिशपच्या किंवा संघाच्या हाती निवड सोपवण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासात ठळक दिसते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या संघांची दारे इथल्या माणसांना जवळपास बंद होती. स्थानिक तरुण धर्मप्रांतीय धर्मगुरू होऊ शकत, पण संघात त्यांना स्थान नसे. पाचारण खरे होते, ओळखणारे चूक होते, असेच म्हणावे लागेल. वसईचे गोन्सालो गार्सिया हे त्याचे पहिले मोठे उदाहरण. पोर्तुगीज बाप आणि वसईची आई यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, त्यांच्यासाठी धर्मशिक्षकाचे काम करत राहिला, पण संघात त्याला घेतले गेले नाही. पुढे तो व्यापारात पडला, मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला ब्रदर म्हणून स्वीकारले. दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संत घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेला हा पहिला संत धर्मगुरू नव्हता, ब्रदर होता, हे वसईतही पुष्कळांच्या लक्षात नसते.

दुसरे उदाहरण जोसेफ वाझ यांचे. बाणावली येथे १६५१ मध्ये जन्मलेल्या आणि १६७६ मध्ये धर्मगुरू झालेल्या वाझ यांना संघजीवनाची ओढ होती. युरोपीय संघांत वाट नव्हती, तेव्हा १६८५ च्या सुमारास जुन्या गोव्यात गोमंतकीय धर्मगुरूंचाच ओरेटरी संघ उभा राहिला आणि वाझ त्याचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी ते डचांच्या ताब्यातील श्रीलंकेत छळ सोसणाऱ्या कॅथॉलिकांकडे वेषांतर करून गेले आणि १७११ मध्ये तिथेच वारले. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. नकार मिळाला म्हणजे पाचारण नाही, असा सरळ निष्कर्ष या दोघांच्या बाबतीत निघत नाही. तो नकार कशासाठी दिला गेला, हे पाहावे लागते.

आज नकार कशासाठी द्यायचा, याची चौकट १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. धर्मगुरू होण्यासाठी किमान वय २५ पूर्ण लागते, डिकन होण्यासाठी २३. नवदीक्षेत, म्हणजे नोव्हिशिएटमध्ये, १७ पूर्ण झाल्याशिवाय घेता येत नाही आणि आजन्म व्रतांना २१ पूर्ण लागते. ज्याचा विवाह कायम आहे, जो फेडता येणार नाही अशा कर्जात आहे, ज्याला दबाव, भीती किंवा फसवणूक करून आणले आहे, त्याला संघात घेऊ नये. मनुष्यवध, गर्भपातात सहभाग, गंभीर मानसिक आजार अशा गोष्टी गुरुदीक्षेच्या आड येतात. काहींत रोमकडून सूट मिळू शकते. २००५ च्या एका सूचनेनुसार समलैंगिक कल खोलवर असलेल्या पुरुषांना सेमिनरीत घेऊ नये. या सूचनेवर ख्रिस्तसभेच्या आतूनही टीका झाली आहे, विशेषतः संयमाने जगण्याची क्षमता पाहायची की कल, या मुद्द्यावर.

नियमांपेक्षा अवघड भाग हेतूचा आहे, कारण वाईट हेतू क्वचितच वाईट दिसतो. फुकट उच्च शिक्षण, परदेशी जाण्याची संधी, गावात मिळणारा मान, लग्नाच्या जबाबदारीची भीती, वडिलांच्या दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातून सुटका, मेलेल्या आजीला दिलेला शब्द: यांतले काहीही पाचारणाच्या सुरुवातीला असू शकते. अनुभवी मार्गदर्शक अशी सुरुवात पाहून उमेदवाराला परत पाठवत नाहीत. काही वर्षांनी तो हेतू गळून पडून दुसरा काही त्याच्या जागी आला का, हे ते बघतात.

घराचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. वसईच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) किंवा गोव्यातल्या सासष्टीच्या गावांत एखादा मुलगा धर्मगुरू झाला की घराचे नाव होते. पहिल्या मिस्सेला मंडप पडतो, नातेवाईक आखातातून येतात. आईने मुलगा पोटात असताना त्याला देवाला वाहिल्याच्या कथाही कौतुकाने सांगतात. कौतुक ठीक आहे, पण मुलाने वाहून घेतले नसेल तर त्या नवसाला ख्रिस्तसभेच्या नियमात किंमत नाही. कोणालाही दीक्षेसाठी भाग पाडणे निषिद्ध आहे आणि योग्य माणसाला दीक्षेपासून परावृत्त करणेही. उलट्या टोकाला एकुलत्या मुलाला अडवणारे आईबाप असतात. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास डॉमिनिकन झाला म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला वर्षभर किल्ल्यात डांबून ठेवले होते. पुढे त्याने लिहिले की संघात जावे की नाही यासाठी फार जणांशी फार काळ सल्लामसलत करत बसू नये, आणि नात्यागोत्यातल्यांशी तर नाहीच. स्वतःच्या अनुभवाचा कडवटपणा त्यात असावा. आजची पद्धत त्याचा हा सल्ला मानत नाही.

प्रत्यक्ष वाट अशी जाते. बारावी किंवा पदवीच्या आसपास मुलगा आपल्या प्रमुख धर्मगुरूंशी बोलतो, एखाद्या शिबिराला जातो. स्नातसंस्कार (बाप्तिस्मा) व दृढीकरणाचे दाखले, धर्मगुरूंचे शिफारसपत्र, वैद्यकीय तपासणी, आणि उमेदवाराच्या संमतीने मानसशास्त्रीय चाचणी होते. २०१६ च्या रोमच्या नियमावलीने सुरुवातीला तयारीचा स्वतंत्र काळ बंधनकारक केला. त्यानंतर किमान दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईश्वरविज्ञान. मधे शाळा, वसतिगृह किंवा धर्मग्रामातला अनुभव. भारतात हे सगळे मिळून दहा-बारा वर्षांवर जाते. गोव्यात राशोल, मुंबईत गोरेगाव, नागपुरात सेंट चार्ल्स सेमिनरी (जिच्यावरून ‘सेमिनरी हिल्स’ हे नाव पडले), आणि पुण्यात १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून हलवलेली पेपल सेमिनरी, ही या वाटेवरची ओळखीची ठिकाणे. संघांत नवदीक्षेचे किमान एक वर्ष असते, मग साधारणपणे तीन ते सहा वर्षांची तात्पुरती व्रते, मग आजन्म व्रते.

या वर्षांत शिक्षक काय पाहतात? अभ्यास हा त्याचा लहान भाग. फ्रान्समधला जॉन व्हियान्नी लॅटिनमध्ये इतका कच्चा होता की १८१५ मध्ये त्याला दीक्षा मिळेल याची खात्री नव्हती; पुढे तो धर्मग्रामातल्या धर्मगुरूंचा आश्रयदाता संत झाला. मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पालकीय अशा चार अंगांनी पारख करावी असे १९९२ चे पत्र सांगते आणि मानवी अंगाला पाया म्हणते. रागावल्यावर तो कसा वागतो, स्वयंपाकघरातल्या नोकरांशी कसा बोलतो, पैशाचा हिशेब देतो का, एकटेपणा सोसतो का, मित्र जोडतो का, टीका ऐकून घेतो का. २००२ मध्ये बोस्टनमधील धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघडकीला आल्यानंतर या बाबींकडे काणाडोळा करणे किती महाग पडते, हे सगळ्यांना कळले. ब्रह्मचर्य झेपते का, हा प्रश्न केवळ ‘मोह आवरतो का’ एवढाच नाही. लग्न, मुले, स्वतःचे घर यांचा त्याग करूनही माणूस प्रेमळ राहतो का, हाही आहे. कडवट ब्रह्मचारी घडवण्यात कोणाचे हित नाही.

सेमिनरीत एक भिंत काळजीपूर्वक उभारलेली असते. दीक्षा द्यावी की नाही, हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत कधीही विचारता येत नाही. मुलगा मार्गदर्शकाला जे सांगतो ते रेक्टरपर्यंत, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखापर्यंत, जात नाही. रेक्टरने वागणुकीवरून मत बनवायचे. मार्गदर्शकाला एखादा उमेदवार अपात्र आहे हे पुरते ठाऊक असूनही त्याला रेक्टरपुढे गप्प बसावे लागते. तो उमेदवारालाच कळकळीने ‘थांब’ म्हणू शकतो. ही व्यवस्था गैरसोयीची आहे, पण तिच्याशिवाय कोणी मोकळेपणाने बोलणार नाही. शेवटी, दीक्षेपूर्वी उमेदवाराला स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे लागते की तो हे स्वेच्छेने करतो आहे. धर्मग्रामात त्याची जाहीर सूचना लागू शकते, आणि कोणाला काही अडथळा माहीत असेल तर तो सांगणे भाविकांचे कर्तव्य मानले जाते.

ब्रदरांची पारख याच चौकटीत होते, पण त्यांना एक वेगळाच प्रश्न विचारला जातो, बहुधा आपल्याच माणसांकडून: मग फादर का नाही झालास? ब्रदर म्हणजे अभ्यास न झेपलेला धर्मगुरू, ही समजूत हट्टी आहे. वस्तुतः सतराव्या शतकाच्या अखेरीस जाँ बाप्तिस्त द ला साल या धर्मगुरूने शिक्षकांचा असा संघ उभा केला ज्यात कोणीही धर्मगुरू व्हायचे नाही, असे ठरवूनच. मिस्सेच्या वेळापत्रकात न अडकता वर्गावर राहता यावे, हा त्यामागचा विचार. शाळा, रुग्णालये, छापखाने, शेती अशा कामांत ब्रदरांची परंपरा आहे. मॅलोर्काचा द्वारपाल अल्फोन्सो रॉड्रिग्ज आणि माँट्रियलमध्ये कॉलेजचे दार सांभाळणारा आंद्रे बेसेत हे दोघे ब्रदर संत झाले. ब्रदरच्या पाचारणाची कसोटी साधी पण कठीण आहे: वेदीवर उभे राहण्याचा मान नसताना, कोणी ‘फादर’ म्हणत नसताना, हे जीवन पुरते का? २०१५ मध्ये रोमने व्रतस्थ बंधूंच्या ओळखीवर स्वतंत्र दस्तऐवज काढला, यावरूनच ही ओळख किती झाकोळली गेली होती ते दिसते.

जगभरात सेमिनरीतील ज्येष्ठ विद्यार्थ्यांची संख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख २० हजार होती. २०२३ पर्यंत ती १ लाख ६ हजारांच्या आसपास आली. युरोपात घट मोठी आहे, आफ्रिकेत वाढ आहे. वसई-गोव्यातही पूर्वी पाच-सहा मुलांच्या घरातून एक सेमिनरीत जाई. आता घरात दोनच मुले असतात. पाचारणांसाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस १९६४ पासून पुनरुत्थान काळाच्या चौथ्या रविवारी पाळला जातो. संख्या घटली की पारख सैल करण्याचा मोह होतो. याच कारणाने नियमावली पुन्हा पुन्हा बजावते की एका सेमिनरीने काढलेल्या मुलाला दुसरीने घेण्याआधी पहिल्या रेक्टरचे मत मागवलेच पाहिजे.

वाटेत परत फिरणारे बरेच असतात. दीक्षेआधी निघून जाण्याला कायद्याची काहीही अडचण नाही; तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की माणूस मोकळा. अडचण गावाची असते. ‘सेमिनरी सोडून आला’ हा शिक्का लग्न जमवतानाही आडवा येतो, आणि त्या भीतीने काही जण नको असतानाही पुढे ढकलले जातात. पारखीतून ‘नाही’ असे उत्तर निघाले तर ती पारख यशस्वीच झाली, हे धर्मग्रामांत अजून रुजलेले नाही. आजन्म व्रतांनंतर सुटका वरिष्ठांमार्फत रोमकडे किंवा बिशपकडे मागावी लागते. धर्मगुरूला ब्रह्मचर्यातून मोकळे करण्याचा अधिकार एकट्या पोपचा आहे. पण संस्कार पुसला जात नाही. पद सोडून संसार थाटलेल्या धर्मगुरूला मिस्सा अर्पण करता येत नाही, मात्र समोरचा माणूस मरणाच्या दारात असेल तर त्याचे पापनिवेदन ऐकून क्षमा देण्याचा अधिकार त्यालाही उरतो.